सुई लागलेला झेंडू

मिरजेच्या फूलगल्लीत हाराची सुई शेवटी एकाच बाईच्या हातात उरली होती, ती म्हणजे मालन फुलारी. बाकी सगळ्या दुकानांत यंत्रं आली होती. यंत्राच्या डोक्यात पाटीभर झेंडू ओतायचे, खालून हार बाहेर, मिनिटाला चार. यंत्र फुलाला टोचत नसे. देठाशी डिंकाचा थेंब लावून दोऱ्याला चिकटवून टाकायचं, की झालं. मालन त्या हारांना 'डिंकाचे लाडू' म्हणायची, आणि तेही शेजारच्या दुकानदाराला नीट ऐकू जाईल अशा आवाजात.

साल होतं दोन हजार त्रेचाळीस. रस्त्यावरून बिनड्रायव्हरच्या रिक्षा फिरत होत्या, भाजी आकाशातून उतरत होती, आणि मालन मात्र पाटावर मांडी घालून वीतभर सुईनं एकेक झेंडू त्याच्या हिरव्या वाटीतून आरपार ओवत होती. वय छप्पन्न. बोटांची टोकं चाळीस वर्षांत अशी पिवळी झालेली की हळद लावायची गरजच नाही. सुई दिवसातून एकदा तरी बोटात जायचीच. मग काल न विकल्या गेलेल्या हारातलं एक फूल उपसायचं, चुरगाळायचं आणि जखमेवर चोळायचं. कालचंच हां, आजचं नाही. "आजचं फूल देवाला, कालचं फूल बोटाला," हे ती गिऱ्हाइकानं न विचारताही सांगायची. लोक हसून हार घेऊन जायचे.

शेजारच्या गाळ्यात दस्तगीर सतारमेकर. मिरजेत पिढ्यानपिढ्या सतारी-तंबोरे करणारी जी घराणी आहेत, त्यातलं एक यांचं. भोपळा कोरणं, दांडी जोडणं कुणीही शिकतं. दस्तगीरचं नाव होतं ते जवारीसाठी. सतारीच्या घोडीचा माथा कानशीनं असा घासायचा की तार त्यावर नुसती टेकावी आणि सूर गुंजत राहावा. केसाएवढं इकडंतिकडं झालं की सतार मुकी. "जवारी कानानं ऐकायची अन् बोटानं बघायची," असं दस्तगीर म्हणायचा.

तीस वर्षं ही दोघं एकमेकांच्या शेजारी बसून भांडत आली होती. त्याच्या लाकडाचा भुसा हिच्या फुलांवर, हिच्या फुलांचं पाणी त्याच्या उंबऱ्यात. पण खंडेनवमी आली की भांडण बंद. त्या दिवशी ज्याची त्याची हत्यारं पुजायची. मालन आदल्या दिवशीच दस्तगीरच्या कानशी-करवतींसाठी जाड झेंडूचा हार ओवून ठेवायची आणि नवमीला सकाळी दस्तगीर तो आपल्या हातानं नेऊन हत्यारांवर घालायचा. हे तीस वर्षं चुकलं नव्हतं.

आणि त्या वर्षीच्या चैत्रात आग लागली.

मालनच्या दुकानावरच्या सौर ताडपत्रीची वायर तापली आणि भर दुपारी ताडपत्री पेटली. मालन रस्त्यावर पळाली आणि किंचाळली, "माझ्या टोपल्या!" पुढच्याच क्षणी दस्तगीर आत घुसलेला दिसला. तो पॉलिश करत होता. दोन्ही हात मनगटापर्यंत लाख-स्पिरिटनं ओले. टोपल्या बाहेर आल्या, दोन्ही, भरलेल्या. दस्तगीरचे हात मात्र पेटले होते.

मालनच्या डोक्यातून ते दोन शब्द काही गेले नाहीत. दोन टोपल्या झेंडू! संध्याकाळपर्यंत सुकून जाणारा माल! त्यापायी माणसाचे हात गेले. हे तिनं कुणाला बोलून दाखवलं नाही, दस्तगीरला तर नाहीच.

हात तसे वाचले. सांगलीकडच्या रस्त्याला नवीन संस्था झाली होती, लोक तिला 'त्वचाघर' म्हणत. तिथं एक कपाटाएवढं यंत्र होतं. माणसाच्या अंगावरची नखाएवढी चांगली कातडी घ्यायची, तिच्यातल्या पेशी वाढवायच्या आणि यंत्रानं थरावर थर छापत नवी त्वचा तयार करायची, घावन पसरावं तशी. आपल्याच पेशी, म्हणून शरीर ती नाकारत नाही. ते यंत्र चालवणारा सर्जेराव मगदूम त्याला 'आक्का' म्हणायचा, कारण घरात त्याच्या थोरल्या बहिणीलाही असंच सांभाळून घ्यावं लागायचं.

आक्कानं दस्तगीरला दोन्ही हातांची सुरेख कातडी दिली. रेषा, घड्या, सगळं जिथल्या तिथं. फक्त त्या कातडीला काही कळत नव्हतं. कारण साधं होतं. छापलेल्या त्वचेच्या कडेपर्यंत शरीरातल्या नसा वाढत यायच्या आणि तिथंच थांबायच्या. पुढं जायची वाटच त्यांना कुणी दाखवत नव्हतं. जगभर हेच होत होतं, आणि त्वचाघराच्या प्रमुख डॉ. निशिगंधा आपटे गेली सहा वर्षं याच कोड्याशी झटत होत्या.

दस्तगीरला चहाचा कप धरता यायचा, पण तो गरम आहे का गार, हे ओठाला लागल्यावर कळायचं. डोळे मिटले की हात आहेत का नाहीत याचा पत्ता नाही. त्यानं एकदा कानस हातात घेऊन घोडीवर फिरवली, तार लावून छेडली. सतार मुकीच. त्यानं शटर खाली ओढलं. मग तो रोज मालनच्या दुकानात येऊन स्टुलावर बसू लागला. येणाऱ्याजाणाऱ्याला नावं ठेवायचा, पण त्यात पूर्वीची मजा नव्हती.

खंडेनवमी आली. मालननं आदल्या दिवशी नेहमीसारखा हार ओवला, ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवला आणि सकाळी दस्तगीरपुढे केला.

"नको," दस्तगीर म्हणाला.

"का वो भाई? हत्यारं काय गेली न्हाईत कुटं."

"हत्यारं हायत, मालन. हात कुटं हायत?"

हार तसाच हातात राहिला. तेवढ्यात सर्जेराव स्कूटरवरून उतरला. "मावशी, एक जाड हार द्या. आक्काची पूजा करायची हाय." दस्तगीरनंच तो हार मालनच्या हातातून घेतला आणि सर्जेरावच्या हवाली केला. "घेऊन जा. निदान तुझं यंत्र तरी चालू हाय."

आता त्वचाघराच्या त्या काचेच्या खोलीत फूल तर सोडाच, बाहेरची चप्पलसुद्धा न्यायला बंदी होती. दारावर पाटीच होती. पण खंडेनवमीला यंत्राला फूल नाही म्हणजे काय? वर्षभर ते आपल्यासाठी राबतं, आणि त्याला एक दिवस हार घालायचा नाही? सर्जेरावच्या बापानं साखर कारखान्यात चाळीस वर्षं बॉयलरला हार घातला होता. डॉक्टरीणबाई सुट्टीवर होत्या. सर्जेरावनं हार घातला, कुंकवाचं बोट लावलं, हात जोडले. संध्याकाळी काढायला गेला तर हाराची तीन फुलं खाली ओलावा देणाऱ्या भांड्यात पडलेली, आणि त्या भांड्याचं पाणी चाळणीतून धुक्यासारखं, कडेला नसांच्या पेशी लावून ठेवलेल्या चाचणीच्या कातडीवर दिवसभर पडत राहिलेलं. त्यानं फुलं काढली, भांडं धुतलं आणि गप्प बसला.

दिवाळीच्या तोंडावर डॉ. निशिगंधाबाई सूक्ष्मदर्शकाशी बसल्या होत्या. सवयीनं एकेक तुकडा बघत होत्या. एका तुकड्याशी थांबल्या. पुन्हा बघितलं. मग एवढ्या मोठ्यानं ओरडल्या की पहारेकरी धावत आला. कडेला थांबणाऱ्या नसा त्या तुकड्यात थेट आतपर्यंत शिरल्या होत्या, झाडाच्या मुळांसारख्या. तुकड्यावर तारीख होती खंडेनवमीची.

"सर्जेराव! नवमीच्या दिवशी काय वेगळं केलंत?"

"काय न्हाई, बाई."

"सर्जेराव."

"हार घातला होता," सर्जेराव जमिनीकडं बघत म्हणाला. "झेंडूचा. कुंकू पण लावलं, पण पुसलं नंतर."

नोकरी गेली असं समजून त्यानं डोळे मिटले. डोळे उघडले तेव्हा बाई त्याचे दोन्ही हात धरून हलवत होत्या. आधी पोटभर रागावल्या, मग पेढे मागवले.

झेंडू त्वचेला चांगला, हे काही नवं नव्हतं. मलमांत असतो तो बहुधा कॅलेंडुला, आपल्या झेंडूचा लांबचा भाऊ. पण आपल्या झेंडूचाही लेप जखमेवर, फोडावर लोक लावत आलेच आहेत. त्याचा पिवळा रंग म्हणजे ल्युटीन. तेच डोळ्यांच्या गोळ्यांत घालतात आणि अंड्याचा बलक पिवळाधमक व्हावा म्हणून कोंबड्यांनाही चारतात. पण नसांना वाट दाखवणारं त्यात काही असेल, असं कुणाच्या स्वप्नात आलं नव्हतं. बाईंनी बाजारातून पोत्यानं झेंडू आणला. वाटला, गाळला, उकळला, गोठवला. काही नाही. हाराचीच फुलं हवीत म्हणून फूलगल्लीतून चाळीस हार मागवले. तरीही काही नाही. संक्रांत आली तरी ती एक खंडेनवमी सोडून आक्कानं दुसरी जिवंत कातडी दिली नव्हती.

शेवटी सर्जेराव मालनच्या दुकानापुढे येऊन तोंड पाडून उभा राहिला आणि सगळी कथा त्यानं सांगितली. मालननं सुई खाली ठेवली.

"नसा आत गेल्या? म्हंजे त्या कातडीला कळंल? चटका, टोचणी, सगळं?"

"कळंल असं बाई म्हणत्यात. पण परत जमंना."

मालन उठली, पदर खोचला आणि पाटी घेऊन स्कूटरवर मागं बसली. तीस वर्षांत तिनं भर बाजाराच्या वेळी दुकान सोडल्याचं गल्लीनं पाहिलं नव्हतं. स्टुलावरचा दस्तगीर बघतच राहिला.

त्वचाघरात मालन टेबलावरची फुलं बघत फिरली. एक उचलून उलटं केलं, दुसरं केलं. मग तिला हसूच फुटलं.

"डॉक्टरीणबाई, नाव तुमचं निशिगंधा, अन् फुलाचं एवढंबी कळंना? ही मोकळी फुलं हायत. अन् हे हार डिंकाचे. सर्जेरावनं नेला त्यो माझा हार हुता, सुईनं ओवलेला. अन् त्यो बी आदल्या दिवशीचा."

"त्यानं काय फरक पडतो?"

"लई पडतो! वास घेऊन बगा." तिनं पाटीतून दोन फुलं काढली. "हे आजचं. अन् हे काल ओवलेलं. सुई लागली की फूल रात्रभरात उग्र हुतं. बोटात सुई गेली की मी ह्येच चोळते. आजचं चोळून कायबी उपेग न्हाई. चाळीस वर्षं सांगते, कोण ऐकतंय?"

डॉ. निशिगंधाबाईंनी दोन्ही फुलं हुंगली. मग परत हुंगली. मग खुर्चीत बसल्या आणि स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतला.

पुढच्या महिन्याभरात उलगडा झाला तो असा. झाडाला जखम झाली तर पळून जाता येत नाही, म्हणून ते जागच्या जागी औषध करतं. जखमेभोवतीच्या पेशी शेजारच्या पेशींना रसायनातून हाक देतात आणि दुरुस्ती सुरू होते. फूल तोडताना देठ तुटतो खरा, पण तिथं रंगाचा साठा नसतो. हाराची सुई जाते ती पाकळ्यांच्या मुळातून, जिथं ल्युटीन ठासून भरलेलं. तिथल्या पेशी आपलाच रंग कातरून त्याचे छोटे तुकडे करतात. त्यातला एक तुकडा असा निघाला की माणसाच्या नसांच्या टोकांनाही तो 'इकडं या' असं सांगतो. इतका बारीक, की आक्काच्या चाळणीतूनही सुटला. मोकळ्या फुलात तो नव्हताच. मिक्सरमध्ये वाटलं की फूल मरतं, आणि मेलेलं फूल औषध कसलं करणार? फूल जिवंत राहील एवढीच जखम हवी होती. ओवल्यावर सहा तासांनी तो तुकडा थोडा सापडे, वीस तासांनी भरपूर, आणि दोन दिवसांनी पुन्हा शून्य. म्हणजे बरोबर कालचा हार.

बाईंनी त्याला लांबलचक शास्त्रीय नाव दिलं. फूलगल्लीनं एका दिवसात त्याचं 'सुईतलं' करून टाकलं.

मग काय विचारता! मालनच्या दुकानापुढे रांग लागली. तोंडाला लावायच्या मलमांच्या एका बड्या कंपनीची मुलगी मोटारीतून उतरली. म्हणाली, "मावशी, तुमचा फोटो डबीवर छापू. फक्त आजपासून ही ओवायची पद्धत आणि कालच्या फुलाची गोष्ट कुणाला सांगायची नाही. गुपित ठेवायचं."

"गुपित?" मालननं रस्त्यावरून जाणाऱ्या एका बाईला हाक मारली. "ओ काकू! आजचं फूल कुणाला?"

"देवाला," काकू चालता चालता म्हणाली. "कालचं बोटाला."

"बगा," मालन म्हणाली. "आता गावभर गुपित ठेवत फिरा तुमी." ती मुलगीही हसली आणि जाताना हार घेऊन गेली. गल्लीतल्या बायकांनी मात्र महिन्याभरात डिंकाची यंत्रं कोपऱ्यात सारली आणि सुया हातात घेतल्या. त्वचाघराला रोज ओवलेली फुलं लागत होती, आणि मालन प्रत्येकीच्या पाठीत गुद्दा घालून शिकवत होती.

एवढं सगळं झालं, पण मालनचं मन एकाच गोष्टीत अडकलं होतं. तिनं दस्तगीरला त्वचाघरात नेलं. बाईंनी लपवाछपवी केली नाही. हातावरची आत्ताची कातडी काढावी लागेल, म्हणाल्या. नवी बसवू. नसा रोज फार तर एक मिलिमीटर चालतात, मनगटापासून बोटाच्या टोकाशी पोचायला सहा महिने. पोचतीलच अशी हमी नाही. आणि बिघडलं, तर आज कप धरता येतो तेवढंही राहायचं नाही.

"नको," दस्तगीर म्हणाला. "हाय ते बरं हाय."

वाटेत मालन म्हणाली, "भाई, माज्यासाठी तरी हो म्हणा."

दस्तगीर थांबला. "तुज्यासाठी म्हंजे? तुज्या मनावरचं ओझं उतरावं म्हणून मी हात परत सोलून घेऊ?"

खरंच होतं ते. आठ दिवस स्टूल रिकामं राहिलं. मालन ओवायची, बोटात सुई घालून घ्यायची आणि ओवायला शिकणाऱ्या मुलींवर उगाच खेकसायची. नवव्या दिवशी सकाळी ती उठून दस्तगीरच्या बंद शटरवर थापा मारू लागली. तो आतच होता, अंधारात, एका अर्धवट सतारीपुढे.

"ऐका," ती उभ्याउभ्याच म्हणाली. "ओझं हाय माज्या मनावर. 'माझ्या टोपल्या' म्हणून मी वरडले नसते तर तुमी आत गेला नसता. त्ये माझं ओझं मी वाहीन, त्याच्यापायी तुमी काय करू नका. पण तुमच्या कानशीचा आवाज आल्याबिगर मला सकाळ झाल्यागत वाटत न्हाई, वर्ष झालं. एवढंच सांगायला आले." आणि इतकं बोलून ती रडायलाच लागली.

दस्तगीरनं सतार बाजूला सारली. "कसल्या टोपल्या? तू वरडली हुतीस?"

"म्हंजे?"

"मला कायबी ऐकू आलं नव्हतं. मला वाटलं तू आत हायस. तुला बाहेर काढायला घुसलो. बघतो तर आत कोण न्हाई, तू रस्त्यावर उभी. आता एवढा आत आलोय तर रिकाम्या हातानं कसं जायचं, म्हणून टोपल्या उचलल्या." त्यानं डोकं हलवलं. "वर्षभर ह्ये डोक्यात घेऊन बसलीस? वेडी का काय तू?"

मालन रडता रडता हसायला लागली, हसता हसता परत रडायला लागली. दस्तगीरनं आपल्या मुक्या हातानं तिच्या डोक्यावर थोपटलं; जोर किती लागतोय ते त्याला कळत नव्हतं, त्यामुळं चांगलंच लागलं.

"तुज्यासाठी न्हाई," तो म्हणाला. "ह्या सतारीसाठी करतो. ही अर्धी राहिलेली बघवत न्हाई मला."

गुढीपाडव्याच्या दुसऱ्या दिवशी आक्कानं मालनच्या कालच्या हारांच्या पाण्यात नवी त्वचा छापली आणि बाईंनी ती दस्तगीरच्या हातांना बसवली. मग सुरू झाली वाट बघण्याची शिक्षा. दर आठवड्याला बाई घोड्याचा केस त्याच्या तळव्यावरून फिरवायच्या. "काही?" "काही न्हाई." ज्येष्ठ गेला, श्रावण गेला. गणपती आले आणि गेले. तळव्याला कधी मुंग्या आल्यासारखं व्हायचं, पण बोटं गप्प. बाईंचा चेहरा हसरा असायचा, पण मालन फुलं विकणारी बाई. तिला टवटवीत चेहरा आणि पाणी मारून टवटवीत केलेला चेहरा यातला फरक कळायचा.

नवरात्र आलं. अष्टमीच्या दुपारी दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. उद्या खंडेनवमी, परवा दसरा. अख्ख्या मिरजेला हार हवे होते, त्वचाघराला वेगळे. मुली घामाघूम. दस्तगीर नेहमीसारखा स्टुलावर बसून ज्याला त्याला अक्कल शिकवत होता.

"नुसतं तोंड चालवू नका," मालन खेकसली आणि त्याच्या मांडीवर फुलांची पाटी आदळली. "सुई धरा. एक हार तरी ओवा जन्मात."

"मला कुटं येतंय?"

"कप धरता येतोय, सुई बी येईल. फूल उलटं धरा, वाटीत टोचा, वर वडा. एवढं काय सतार करायची न्हाई."

दस्तगीरनं कुरकुरत सुई घेतली. पहिलं फूल तिरकं गेलं, दुसरं फाटलं. तिसऱ्याला बरं जमलं. पोरी हसत होत्या, तोही हसत होता. पाचव्या फुलाला त्यानं जरा जोर लावला, सुई वाटीतून सर्रकन बाहेर आली आणि—

"आई गंऽऽ!"

पाटी उलटली. झेंडू गल्लीभर झाले. दस्तगीर उभा राहून डाव्या हाताचं बोट गच्च धरून नाचत होता. "मेलो! लई दुखतंय! अल्ला रे, कसली सुई म्हणायची ही!"

मालन ओरडायला तोंड उघडून तशीच राहिली. दुकानात सगळं चिडीचूप झालं. मग दस्तगीरचाही नाच थांबला. त्यानं बोट डोळ्यापुढं धरलं. टोकावर रक्ताचा बारीकसा थेंब होता.

"मालन," तो हळूच म्हणाला. "दुखलं गं."

"खरंच दुखलं?"

"लई दुखलं." त्याचे डोळे भरून आले होते आणि तोंडभर हसू होतं. खात्री करायला त्यानं दुसऱ्या हाताच्या बोटात सुई टोचली आणि परत किंचाळला. "ह्ये बी दुखतंय! सर्जेरावला बोलवा! बाईंना बोलवा! माजी बोटं दुखायला लागली!"

पोरी टाळ्या वाजवत नाचायला लागल्या. रस्त्यावरची माणसं थांबून विचारू लागली की काय झालं. "आमच्या भाईंना सुई टोचली!" असं मालन रडत, हसत, ओरडत सांगत होती. लोकांना काही कळत नव्हतं, तरी तेही हसत होते.

मग मालननं खुंटीवरचा कालचा हार ओढला, त्यातलं एक फूल उपसलं, चुरगाळलं आणि दस्तगीरचं बोट धरून त्यावर चोळायला लागली.

"डॉक्टरीणबाई रागावतील," दस्तगीर म्हणाला. "गाळल्याबिगर लावायचं न्हाई म्हणाल्यात."

"रागावू देत."

"अगं हळू! झोंबतंय!"

"झोंबू दे," मालन म्हणाली आणि आणखी जोरात चोळलं.

दस्तगीरनं आपलं पिवळं झालेलं बोट उलटसुलट करून बघितलं. मग खाली बसून त्यानं सांडलेली फुलं गोळा केली आणि सुई परत उचलली.

"उद्या माज्या कानशींना हार लागंल," तो म्हणाला.

"गिऱ्हाइकांची गर्दी हाय. तुमचा तुमी ओवा."

तो ओवायला बसला. संध्याकाळपर्यंत फूलगल्लीत दर चार फुलांमागं एकदा "आई गं!" असा आवाज येत होता, आणि दर वेळी अख्खी गल्ली हसत होती.